वॉशिंग मशीनच्या ड्रमची जाम झालेली पुली कशी काढावी

फ्रंट लोड मशीनचं बेअरिंग घरी बदलायला निघालेला माणूस बहुतेक वेळा एकाच जागी अडतो. मागचं झाकण निघतं, पट्टा उतरतो, वायरी सुटतात, पुलीच्या मधला बोल्टही निघतो. पुली मात्र शाफ्टवरून, म्हणजे ड्रम ज्या दांड्यावर फिरतो त्यावरून, तसूभर हलत नाही. मग मोठा पेचकस पुलीच्या मागे घालून, ड्रमभोवतीच्या टबाला टेकवून जोर लावला जातो. प्लास्टिकच्या टबाला तडा गेला की काही शेकड्यांचं बेअरिंगचं काम हजारोंच्या टबावर जातं.

म्हणून या एका टप्प्यावर सविस्तर लिहितो आहे. यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पुली काढायचा जोर फक्त दोन जागांच्या मध्ये लागला पाहिजे: शाफ्टचं टोक आणि पुलीचा मधला जाड भाग, म्हणजे हब. एकाला ढकलायचं, दुसऱ्याला ओढायचं. टब, पुलीची कडा, मशीनचा पत्रा यांपैकी कशालाही टेकू म्हणून वापरलं की तीच वस्तू आधी मोडते.

तुमच्या मशीनला पुली आहे का?

पट्ट्यावर चालणाऱ्या फ्रंट लोड मशीनलाच ही मोठी पुली असते. मोटर खाली, ड्रमची पुली वर आणि दोघींमध्ये बारीक खाचांचा चपटा पट्टा. एलजीच्या डायरेक्ट ड्राइव्ह मशीनमध्ये पट्टा नसतो. तिथे मोटरचा फिरणारा भाग, म्हणजे रोटर, थेट शाफ्टवर बसतो आणि त्याला काढायची पद्धत वेगळी आहे. टॉप लोड मशीनची पुली खालच्या बाजूला असते आणि तिचा संबंध गिअरबॉक्सशी येतो. तेही इथे घेत नाही.

दुसरी तपासणी टबाची. टबाचे दोन अर्धे भाग जिथे जुळतात तिथे गोलाकार स्क्रू किंवा क्लिपा दिसल्या तर टब उघडता येतो. काही मॉडेलमध्ये हा सांधा कारखान्यातच वितळवून कायमचा जोडलेला असतो. असा टब उघडायचा तर कापावा लागतो आणि परत जोडताना गळण्याची भीती राहते. हे पुलीला हात लावण्याआधीच बघून घ्या. टब उघडणारच नसेल तर पुलीशी झटापट करण्यात अर्थ नाही.

पुली जाम का होते

पुली ॲल्युमिनियमची, शाफ्ट पोलादाचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून बसलेले आहेत आणि मध्ये पाणी शिरलं, तर ॲल्युमिनियम झिजायला लागतं. त्या पाण्यात कपड्यांच्या पावडरीतला क्षार असला की झीज आणखी वेगाने होते, कारण क्षार ॲल्युमिनियमला खातो. झिजलेल्या ॲल्युमिनियमची पांढरी पूड तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, आणि जागा नसल्यामुळे हब आणि शाफ्ट यांच्यातल्या बारीक फटीत दाबून बसते.

पाणी तिथे येतं कुठून? ड्रमच्या मागे ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणारं रबरी कडं असतं. ते झिजलं की टबातलं पाणी आधी बेअरिंगमध्ये उतरतं, तिथलं ग्रीस धुऊन नेतं आणि मग शाफ्टवरून पुलीपर्यंत पोचतं. टबाच्या पाठीवर, पुलीच्या मध्यापासून खाली ओघळलेली तांबूस रेघ दिसली तर समजा, हेच झालेलं आहे. मुंबईत आणि कोकणपट्टीत, जिथे मशीन बाल्कनीत किंवा ओल्या न्हाणीघरात असतं, तिथे खारी दमट हवा बाहेरूनही तेच काम करते.

हे कारण लक्षात ठेवलं की उपायही कळतात. पुली चिकटवलेली नाही, तिच्या आणि शाफ्टच्या मध्ये पूड ठासून बसली आहे. ती पूड सैल करायची, हबचं भोक किंचित मोठं करायचं आणि सरळ रेषेत ओढायचं.

आधी ठरवा, वाचवायचं काय

हा विचार बहुतेक जण फार उशिरा करतात. पुली आणि शाफ्ट या दोन्हींपैकी एकाला धक्का लागणार असेल, तर कोणाला लागू द्यायचा?

शाफ्ट एकटा मिळत नाही. तो ड्रमच्या पाठीवरच्या तीन पायांच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यात, म्हणजे स्पायडरमध्ये घट्ट बसवलेला असतो. स्पायडर चांगला असेल तर शाफ्ट वाचवायचा, आणि वेळ आली तर पुली कापून काढायची. पण ड्रम हाताने वर-खाली हलवल्यावर वेडावाकडा डोलत असेल, धुताना आतून धातू घासल्याचा आवाज येत असेल, तर स्पायडरचा पाय तुटलेला असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर शाफ्ट भंगारातच जाणार आणि नव्या स्पायडरवर तुमची जुनी पुलीच चढवायची असते. तेव्हा पुली जपा.

तुमच्या मॉडेलची पुली सुटी मिळते का, हे कामाला लागण्याआधी सुट्या भागांच्या दुकानात विचारा. मशीनच्या दारावरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर फोनमध्ये टिपून न्या. 'आठ किलोवालं मशीन' एवढ्या वर्णनावर दुकानदार नेमका भाग देऊ शकत नाही.

हत्यारं

गोटी पान्यांचा चांगला सेट, त्यात १३, १७ आणि १९ मिलिमीटरच्या गोट्या. स्टार बिट, म्हणजे टॉर्क्स, विशेषतः टी ४० आणि टी ५०. पुलीच्या बोल्टचं डोकं यांपैकीच एखादं निघण्याचा संभव जास्त. लांब दांडा, गंज सोडवणारं पातळ तेल, तारेचा ब्रश, रबरी किंवा लाकडी हातोडा आणि एक साधी हातोडी, जुनी गोधडी, हातमोजे. मशीनच्या पत्र्याच्या कडा आतून धारदार असतात, त्यामुळे हातमोज्यांशिवाय हात घालू नका.

आणि पुलर, म्हणजे नख्यांनी पुली मागून धरून मधल्या स्क्रूने शाफ्टला ढकलणारं हत्यार. दोन पायांचा चालतो, पण तीन पायांचा असेल तर ओढ सगळीकडून सारखी बसते. मधल्या स्क्रूचे आटे बारीक आणि गुळगुळीत असावेत. स्वस्त पुलरच्या पायांच्या नख्या जोर लावताच वाकतात आणि सटकतात, इथे काटकसर करू नका. मुंबईत नागदेवी भागात आणि पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चांगल्या घडणीची वापरलेली हत्यारं मिळतात. घरासाठी विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून एका दिवसासाठी मागून आणा.

हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत मारणारं हत्यार, हाताशी असली तर उत्तम. गॅसची ज्योत मात्र या कामाला अजिबात नको.

मशीन उघडताना

प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून बाहेर हवा. त्यानंतर पाच-दहा मिनिटं थांबा, कारण इन्व्हर्टर मशीनच्या सर्किटमध्ये थोडा वेळ वीज साठून राहते. नळ बंद करा, पुढच्या खालच्या फिल्टरमधून उरलेलं पाणी काढा. फ्रंट लोड मशीन साठ-सत्तर किलोचं असतं, ते भिंतीपासून ओढायला दुसरा माणूस बोलवा.

मागचं झाकण काढल्यावर एकही वायर सोडवण्याआधी फोटो काढा. हीटरला आणि मोटरला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरी कुठे लागल्या आहेत ते वेगळं टिपा. त्या परत जागेवर लागल्याच पाहिजेत, नाहीतर मशीन चालेलही आणि एक दिवस शॉक देईल.

पट्टा काढताना पुली हाताने सावकाश फिरवा आणि फिरवताना पट्टा कडेला ओढा. तो आपोआप उतरतो. पट्ट्यावर छापलेला नंबर लिहून ठेवा, तो बदलायचा झाला तर हाच नंबर दाखवावा लागेल. पुलीची बाहेरची बाजू कोणती आणि हब शाफ्टवर किती आत बसलं आहे, याचीही मार्करने खूण करा.

बोल्ट

टब मशीनमध्ये असतानाच बोल्ट ढिला करा. टब बाहेर काढल्यावर तो जमिनीवर घरंगळतो आणि दोघांनी धरला तरी जोर नीट लागत नाही.

बोल्ट निघता निघत नाही, कारण कारखान्यात त्याच्या आट्यांना चिकटद्रव लावलेला असतो. स्टार बोल्टच्या खाचेत गंज आणि पावडरीचा थर भरलेला असतो. तो टोकदार सुईने पूर्ण काढा, बिट खाचेत बुडापर्यंत गेला पाहिजे. वर हातोडीची हलकी थाप देऊन तो बसवा. अर्धवट बसलेला बिट फिरला की खाच गोल होते आणि तिथून काम अवघड होतं.

फिरवताना पुलीही फिरेल. तिला अडवायला टब आणि पुलीच्या मध्ये काहीही खुपसू नका. एक लांब, मजबूत लाकडी पट्टी पुलीच्या दोन समोरासमोरच्या आऱ्यांत आडवी अडकवा आणि ती जोडीदाराला उलट्या दिशेला धरायला सांगा. पट्टी हबच्या जवळून जाऊ द्या. ॲल्युमिनियमचं ओतकाम ठिसूळ असतं आणि आरे कडेजवळ मोडतात. जोडीदार नसेल तर जुना पट्टा पुलीभोवती गुंडाळून त्याची टोकं पिळून धरता येतात.

बहुतेक मशीनमध्ये बोल्ट नेहमीसारखा घड्याळाच्या उलट्या दिशेने सुटतो. दांडा लांब घ्या आणि जोर वाढवत न्या, झटके देऊ नका. बॅटरीवरची इम्पॅक्ट गन असेल तर पुली अडवायची गरजही पडत नाही. तरीही हलला नाही, तर हीट गनचं अरुंद तोंड लावून फक्त बोल्टच्या डोक्याला उष्णता द्या. लाल प्रकारचा चिकटद्रव साधारण २५० अंशांच्या आसपास सैल पडतो, निळा त्याच्या बराच आधी. तापवताना मागच्या टबावर ओलं फडकं पसरून ठेवा.

खाच गोल झालीच, तर एक माप मोठा स्टार बिट हातोडीने ठोकून बसवून बघा. तेही जमलं नाही तर बोल्टचं डोकं ड्रिलने उडवा. डोकं गेलं की पुली मोकळी होते, आणि ती निघाल्यावर उरलेला दांडा बाहेर डोकावतो. व्हाइस ग्रिपने, म्हणजे पकड घट्ट धरून ठेवणाऱ्या पक्कडीने, पकडून तो बहुधा निघतो, कारण आता त्याच्यावर ताण उरलेला नसतो.

बोल्ट सुटल्यावर पूर्ण काढून बाजूला ठेवू नका. त्याचं काम अजून आहे.

पुली: आधी सौम्य उपाय

बोल्ट तीन-चार मिलिमीटर बाहेर येईल एवढाच सैल ठेवा, बाकीचे आटे आतच राहू द्या. याचे दोन फायदे. पुली एकदम सुटली तर बोल्टच्या डोक्याला अडते, तोंडावर येत नाही. आणि शाफ्टच्या आतले आटे झाकलेले राहतात.

आता पुलीच्या कडेला समोरासमोर दोन्ही हातांनी धरा आणि एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने हलकं डोलवा. पुली थोडी फिरवा, परत डोलवा. फक्त हाताची ताकद, हत्यार नाही. फार गंज नसेल तर एवढ्यानेच पांढरी पूड गळायला लागते आणि पुली सुटते.

नाही सुटली तर टब बाहेर काढा. पुढचा आणि वरचा काँक्रीटचा ठोकळा आधी उतरवा, म्हणजे वजन हलकं होतं. मोटर, हीटरच्या वायरी, पाइप सोडवा. मग टब गोधडीवर दार खाली आणि पुली वर असा ठेवा. या स्थितीची मी मुद्दाम शिफारस करतो. टब मशीनमध्ये उभा असताना घातलेलं तेल ओघळून खाली जातं. पुली आकाशाकडे असली की तेल हब आणि शाफ्टच्या फटीवर साचून राहतं आणि हळूहळू आत झिरपतं.

तेलाच्या आधी उकळतं पाणी वापरा. हे फारसं कोणी करत नाही, पण मला ते सगळ्यांत सुरक्षित वाटतं. किटलीतलं उकळतं पाणी बारीक धारेने थेट हबवर ओता. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, टबाचं प्लास्टिक ते सोसतं. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. एक मीटर लांबीचा तुकडा १०० अंशांनी तापवला तर ॲल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर वाढतं, पोलाद सुमारे १.२. पुलीचं भोक २० मिलिमीटरचं धरलं तर हा फरक दोन शतांश मिलिमीटर भरतो. आकडा लहान वाटतो, पण ठासलेल्या पुडीला तेवढी फट पुष्कळ असते. शिवाय गरम पाणी त्या थरातले विरघळणारे क्षार धुऊन नेतं. पाणी ओतल्यावर लगेच परत डोलवून बघा.

मग जागा पुसून कोरडी करा आणि गंज सोडवणारं तेल घाला. डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं आणि चालतं. खास गंज सोडवण्यासाठी बनवलेलं तेल मिळालं तर ते जास्त खोल जातं. फटीभोवती तेल सोडा, हबवर हलक्या हातोडीने गोल फिरत टकटक करा म्हणजे कंपनांनी ते आत शिरेल, आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी परत थोडं घाला. घाईत असलेल्या माणसाला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण पुली मोडते ती याच रात्रीच्या घाईने.

एक सूचना. बेअरिंग बदलणार नसाल, फक्त तडकलेली पुली बदलायची असेल, तर पाणी आणि तेल दोन्ही टाळा. दोन्ही शाफ्टवरून मागच्या बेअरिंगमध्ये उतरतात आणि त्याचं ग्रीस धुऊन टाकतात. अशा वेळी थेट पुलरकडे वळा.

पुलर लावताना

पुलरच्या नख्या पुलीच्या कडेला लावायच्या नाहीत, आऱ्यांच्या मध्यावरही नाही. आरा जिथे हबला जोडला जातो, त्या मुळाशी, हबच्या मागच्या अंगाला नखी बसली पाहिजे. मागे जागा अपुरी असेल तर नखी कानसीने किंवा ग्राइंडरने थोडी पातळ करून घ्या. पुलर तुमचा असेल तरच, मागून आणलेल्या हत्याराला कानस लावू नका.

मधल्या स्क्रूचं टोक बोल्टच्या डोक्यावर टेकवा. यासाठीच बोल्ट आत ठेवला होता. टोक थेट शाफ्टच्या भोकात घातलं तर पहिले आटे दबतात आणि नंतर बोल्ट चढत नाही. बोल्टचे निदान पाच-सहा आटे आत पकडलेले असू द्या, कारण सगळा दाब आता त्यांच्यावरून जाणार आहे. स्टार खाचेत टोक नीट बसत नसेल तर मध्ये जाड लोखंडी चकती ठेवा.

स्क्रू हाताने आवळा, मग पान्याने. पुलर शाफ्टच्या रेषेत सरळ आहे का ते दोन बाजूंनी बघा. तिरका असेल तर सोडा आणि परत लावा. तिरक्या ओढीने पुली सुटत नाही, उलट शाफ्टवर जास्त चावते.

इथून पुढे नवखा माणूस आवळतच जातो, आणि आरा मोडतो. तसं करू नका. स्क्रू चांगला ताठ झाला की थांबा. मधल्या स्क्रूच्या डोक्यावर हातोडीची एक स्वच्छ, सरळ थाप द्या. घणाचा घाव नको. ताणाखाली असलेल्या सांध्याला बसलेला तो छोटा धक्का पूड फोडतो. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. पाव फेरा आवळा. परत थाप. परत थांबा. ताण लागलेला असताना नुसता वेळही काम करत असतो. परत आलात तेव्हा स्क्रू थोडा सैल लागला, तर पुली हलली आहे.

सुटताना बहुतेक वेळा ठसठशीत 'टक्' असा आवाज येतो. त्या क्षणी तोंड पुलीच्या समोर नसावं.

ताण आणि उष्णता एकत्र

नुसत्या ताणाने भागलं नाही तर पुलर ताणलेला ठेवून हब तापवा. पण त्याआधी तेलाचा मागमूस राहू देऊ नका. तेल घातलेल्या जागी हीट गन लावली तर धूर होतो आणि पेटही घेऊ शकतं. कापडाने पुसा, साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या. खिडकी उघडी ठेवा.

टब बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. ते साधारण १६० अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडून आकार सोडतं. हीट गनच्या तोंडाशी तापमान याच्या कितीतरी वर असतं. त्यामुळे पुलीच्या मागे, टबावर, ओल्या फडक्याची जाड घडी पसरा आणि हवेचा झोत फक्त हबवर, शक्यतो कडेने मारा. एक-दोन मिनिटं झोत फिरवत राहा. शाफ्ट तापायच्या आत हब तापलं पाहिजे, म्हणून मंद आचेवर बराच वेळ तापवण्यापेक्षा थोडा वेळ जोरात तापवणं चांगलं. लगेच स्क्रू पाव फेरा आवळा आणि थाप द्या. नाही सुटली तर पूर्ण थंड होऊ द्या. आकुंचन-प्रसरणाची प्रत्येक फेरी पूड थोडी आणखी सैल करते, म्हणून थंड होण्याचा वेळही हिशोबात धरा.

नख्यांना जागाच नसेल तर

काही मशीनमध्ये पुली टबाच्या इतकी जवळ असते की नखी जातच नाही. अशा वेळी वर्कशॉपमधून दोन जाड लोखंडी पट्ट्या करून आणा, आठ मिलिमीटर जाडीच्या तरी. एक पट्टी पुलीच्या मागे, हबच्या दोन्ही अंगांना टेकणारी. ती मध्ये यू आकारात कापलेली हवी, म्हणजे शाफ्टवर सरकवता येते. दुसरी पुढे, मधोमध आटे पाडलेलं भोक आणि त्यात एक मोठा बोल्ट. दोन्ही पट्ट्या आऱ्यांच्या फटींतून जाणाऱ्या दोन लांब बोल्टांनी जोडा. मधला मोठा बोल्ट आवळला की तो शाफ्टला ढकलतो आणि मागची पट्टी हबला ओढते. जोर पुन्हा त्याच दोन जागांमध्ये. कोणताही फॅब्रिकेशनवाला कागदावरच्या साध्या चित्रावरून हे करून देतो, आणि माझ्या मते हा बाजारातल्या हलक्या पुलरपेक्षा भरवशाचा.

काहीच चाललं नाही तर पुली कापणे

नवी पुली मिळणार असेल आणि शाफ्ट चांगला असेल तरच. ॲल्युमिनियम मऊ असतं, कापायला अवघड नाही. अवघड असतं ते वेळेवर थांबणं.

ग्राइंडरची लोखंडासाठीची साधी चकती इथे वापरू नका. ॲल्युमिनियम तिच्या दाण्यांत भरून बसतं, चकती तापते आणि फुटू शकते. त्यापेक्षा चार-पाच मिलिमीटरच्या ड्रिलने हबमध्ये, शाफ्टला समांतर, कडेपासून शाफ्टकडे जाणाऱ्या एका ओळीत भोकं पाडा. शेवटचं भोक शाफ्टपासून मिलिमीटरभर अलीकडे राहू द्या. मग त्या ओळीत छिन्नी ठेवून बेताची थाप द्या, हब चिरतं आणि पकड सोडतं. हॅक्सॉनेही हे होतं, फक्त वेळ जास्त लागतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पुली निघाल्यावर

शाफ्टची पाहणी आत्ताच करा. दाते असतील तर ते झिजलेत का, शाफ्टला सपाट बाजू असेल तर तिची कड गोल झाली आहे का. तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने पांढरी पूड आणि गंज काढा. धातू खरवडून शाफ्ट बारीक करायचा नाही, फक्त वरचा थर. पुलीचं भोकही आतून तसंच स्वच्छ करा. भोक मोठं झालं असेल आणि पुली शाफ्टवर सैल डुलत असेल, तर ती परत चढवू नका. सैल पुली काही दिवसांत शाफ्टचे दाते खाते, आणि मग नवा स्पायडर घ्यावा लागतो.

टब उघडल्यावर स्पायडरचे तिन्ही पाय मुळाशी तपासा. पांढरे, पोखरलेले, हाताने भुगा निघणारे पाय असतील तर नुसतं बेअरिंग बदलून उपयोग नाही. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ हे २५ मिलिमीटर भोकाचं, ५२ बाहेरचं, १५ रुंदीचं असतं. ६२०६ हे ३०, ६२ आणि १६ चं. पुढचं मोठं आणि मागचं लहान अशी दोन वेगळी बेअरिंगं असतात, तेव्हा दोन्ही नमुने घेऊनच दुकानात जा. ऑइल सील न बदलता बेअरिंग बदलू नका. मूळ दुखणं सीलचंच होतं.

परत बसवताना

शाफ्टच्या ज्या भागावर पुली बसते तिथे वॉटरप्रूफ ग्रीसचा अगदी पातळ थर द्या, म्हणजे पुढच्या वेळी ती निघेल. शाफ्ट निमुळता असेल तर मात्र तो कोरडाच ठेवा, निमुळत्या शाफ्टची पकड घर्षणावर असते. बोल्टच्या आट्यांवर ग्रीस जाता कामा नये. आटे पेट्रोल किंवा थिनरने स्वच्छ करा, निळ्या प्रकारच्या चिकटद्रवाचे एक-दोन थेंब लावा आणि बोल्ट घट्ट आवळा. नवा बोल्ट मिळत असेल तर नवाच घ्या.

पट्टा चढवण्याआधी पुली हाताने फिरवून तिची कडा एका स्थिर बिंदूसमोर बघा. कडा आत-बाहेर डोलत असेल तर पुली तिरकी बसली आहे. काढा आणि परत बसवा, नाहीतर पट्टा उडत राहील. पट्टा आधी मोटरच्या लहान पुलीवर घाला, मग मोठी पुली फिरवत तिच्यावर चढवा. अर्थिंगच्या वायरी फोटोशी ताडून बघा.

चिकटद्रव पूर्ण धरायला २४ तास द्या. त्यानंतर कपडे न घालता एकदा रिन्स आणि स्पिन चालवा. मागचं झाकण अजून उघडं असेल तर मुलांना लांब ठेवा आणि फिरत्या पट्ट्याजवळ हात नेऊ नका. मशीन थांबलं की प्लग काढून पुलीच्या मागे, शाफ्टच्या खाली टबाला कोरडा कागद पुसून बघा. कागद कोरडाच राहिला तर झाकण लावा. ओला झाला तर सील तिरकं बसलं आहे आणि पुली परत उतरवायची आहे. या वेळी ती हाताने निघेल.